तारेचे पाच वेढे

माझ्या मावशीच्या नाकावर राग असतो असं लोक म्हणायचे, पण ते खरं नव्हे. नाकावरचा राग येतो तसा जातो. मावशीचा राग तिच्या घरात कायमचा राहायला होता. दारावर त्याच्या नावाची पाटी लावायची तेवढी राहिली होती. शिकायला म्हणून मी तीन वर्षं तिच्याकडे राहिले. त्या तीन वर्षांत ती इस्त्रीवाल्याशी, घरमालकाशी, बसच्या कंडक्टरशी, वरच्या मजल्यावरच्या म्हातारीशी आणि एकदा तर चुकून फोन लागलेल्या एका अनोळखी माणसाशी पंधरा मिनिटं भांडली. लग्न तिनं केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, "माझा राग सांभाळायला मी एकटी पुरते. दुसऱ्याला कशाला कामाला लावू?"

ती खोक्यांच्या कारखान्यात कामाला होती. पुठ्ठ्याचे मोठमोठे ताव यायचे, ते पंचिंग मशीनमध्ये एकेक सरकवायचे, मशीन जबड्यासारखं मिटायचं आणि तावावर खाचा पडायच्या. त्या खाचांवर घड्या घातल्या की बुटांची, औषधांची, दिव्यांची खोकी तयार. एकवीस वर्षं ती हेच करत होती. कारखान्यात तिला सगळे 'ठिणगी' म्हणत, तेही तोंडावर.

चित्रकलेकडे वळली तीही भांडणातूनच. आमच्या रस्त्यावरच्या वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाची चार पानं फाटलेली निघाली. तो दोष आपल्या माथी मारला जाऊ नये म्हणून ती पुस्तक घेऊन तरातरा गेली. ग्रंथपाल जागेवर नव्हता, म्हणून जिना चढून वर गेली. वरच्या खोलीत सात-आठ माणसं एका टेबलाभोवती बसली होती. टेबलावर एक हिरवी बाटली, एक वाडगा आणि दोन कांदे. शिकवणारे होते शाळेतून निवृत्त झालेले एक ड्रॉइंग मास्तर, अंगानं काटकुळे, चष्मा कपाळावर चढवलेला. मावशीचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली.

"बाई, ओरडायचं असेल तर खाली. इथे थांबायचं असेल तर पेन्सिल घ्या."

"मला चित्र येत नाही."

"यांनाही येत नाही. बसा."

ती बसली. का बसली ते तिला कधी सांगता आलं नाही. मला वाटतं, तिच्या आवाजाला दाद न देणारा माणूस तिला त्या दिवशी पहिल्यांदाच भेटला.

घरी आली ती तणतणत. बाटलीच्या तोंडानं तिचं डोकं फिरवलं होतं. "वरून पाहिलं तर गोल, समोरून पाहिलं तर रेघ. मग मी काढू काय, माझं डोकं?" आमचा पाणी प्यायचा काचेचा पेला तिनं टेबलावर ठेवला आणि त्याची कडा काढायला बसली. माझा कोऱ्या वह्यांचा एक गठ्ठा होता, त्यातली अख्खी वही तिनं पेल्याच्या तोंडांनी भरून टाकली. चपटी, फुगलेली, वाकडी तोंडं. पेन्सिलीनं कागद फाटायचा इतकी ती दाबायची. मास्तरांचं एक वाक्य होतं, "माहीत आहे ते काढू नका, दिसतं ते काढा." मावशीला हा अपमान वाटायचा. "सत्तेचाळीस वर्षं डोळे आहेत मला," ती भाजी चिरता चिरता भिंतीला सांगायची, "आणि हा माणूस म्हणतो, तुम्ही बघतच नाही."

पण वर्गाचा दिवस तिनं एकदाही चुकवला नाही. मास्तरांनी हातात कोळसा दिला तेव्हा तिची आणि कोळशाची लगेच गट्टी जमली. दाबला तर काळा होतो, रागावलं तर मोडतो, सरळ हिशेब. वांगी, किटली, जुना बूट, सगळं तिनं कोळशात काढलं. घरातल्या दारांच्या मुठींवर काळे ठसे उमटले आणि माझ्या पांढऱ्या चादरीची माती झाली. जलरंगांशी मात्र तिचं कधीच पटलं नाही. "हे पाणी माझं ऐकत नाही," म्हणून तिनं ब्रश धुऊन मला देऊन टाकला. रंगीत खडूंनी एकदा ढोबळी मिरची काढली, ती इतकी छान जमली की तिलाच संशय आला. शेवटी आली शाई. टाक बुडवायचा आणि ओढायचा. चुकलं तर चुकलं, खोडता येत नाही. पहिल्या दिवशी तिनं टाक भिरकावला. दुसऱ्या आठवड्यात तिनं स्वतःच्या पैशानं शाईची बाटली आणली.

या सगळ्याची चेष्टा करायची हिंमत एकाच माणसात होती. कारखान्यात मावशीच्या समोरच्या मशीनवर काम करणारी तिची मैत्रीण. ती इतकी सडपातळ होती की सगळे तिला 'बारकी' म्हणत. सुटीच्या दिवशी आमच्याकडे यायची, चहा घ्यायची आणि भिंतीवर टाचलेली चित्रं बघून म्हणायची, "कांदा काढायला दोन दिवस लागतात होय गं तुला? मी दोन मिनिटांत चिरते."

"तू चिरतेस तेव्हा रडतेस तरी. मी काढते तेव्हा कांदा रडतो," मावशी म्हणायची. त्या दोघी हसायच्या. मावशीला तसं हसताना मी फक्त बारकीसमोर पाहिलं.

आता कारखान्यातली एक गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक पंचिंग मशीनला पुढे लोखंडी जाळी असते. ताव सरकवला की जाळी खाली येते आणि मगच जबडा मिटतो. हात आत राहू नये म्हणून ही सोय. पण जाळी खाली-वर व्हायला वेळ लागतो आणि तेवढी खोकी कमी निघतात. नवा सुपरवायझर आला आणि त्यानं एकेका मशीनची जाळी वर उचलून शेजारच्या खांबाला तारेनं बांधून टाकली. मावशीच्या मशीनपाशी तो पक्कड घेऊन आला तेव्हा ती म्हणाली, "जाळीला हात लावलास तर याच तारेनं तुला बांधीन." तो परत गेला. तिच्या मशीनची जाळी तशीच राहिली. समोर बारकीच्या मशीनची मात्र बांधली गेली. बारकी काही बोलली नाही. आठ महिने ती उघड्या जबड्यात ताव सरकवत राहिली आणि मावशी समोरून ते बघत राहिली.

मग एका मंगळवारी सकाळी, चहाच्या सुटीला दहा मिनिटं असताना, बारकीच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

मावशीनं तिचा हात टॉवेलात गुंडाळला, तिला उचलून बाहेर आणलं. गाडीत तिच्याबरोबर बसायला निघाली तर सुपरवायझरनं दार अडवलं. "तू नको. दवाखान्यात जाऊन तमाशा करशील." दुसऱ्या दोघी गेल्या. मावशी आत परतली. मशीन बंद होतं, माणसं पांगली होती. दहा मिनिटं ती त्या मशीनसमोर एकटी उभी होती. फोन सगळ्यांचे गेटवरच्या पेटीत जमा करून घेतात, त्यामुळे फोटो काढायचा प्रश्न नव्हता. ती नुसती बघत राहिली. वर बांधलेली जाळी, खांबाभोवती तारेचे वेढे, जबड्यात अर्धवट खाचा पडलेला बुटाच्या खोक्याचा ताव, पेडलजवळ पडलेला बारकीचा चष्मा.

मग जेवणाची सुटी लवकर देऊन सगळ्यांना बाहेर काढलं. तासाभरानं आत आले तर तार गायब. जाळी खाली. मशीन धुतलेलं आणि त्याला न् खांबाला पुढच्या बाजूनं हिरवा रंग मारलेला, अजून ओला. संध्याकाळी फळ्यावर कागद लागला : जाळी व्यवस्थित असतानाही कामगारानं निष्काळजीपणानं बाजूनं हात घातल्यामुळे अपघात झाला.

त्या संध्याकाळी मावशी घरी आली ती सरळ टेबलापाशी गेली. तिनं टेबलावरचं सगळं एका हातानं बाजूला सारलं, कागद पसरला आणि कोळसा घेतला. स्वयंपाक मी केला. तिनं जेवायला उठायचं नाव घेतलं नाही. कोळशाचे तुकडे मोडत होते, ती दुसरा घेत होती. कागदावर एक भलामोठा काळा जबडा उभा राहिला.

"मावशी, तू बांधलीस का ती जाळी? स्वतःला का त्रास करून घेतेस?"

"माझी नाही बांधू दिली मी," ती मान वर न करता म्हणाली. "माझ्यापुरतं भांडले. हिची बांधली तेव्हा समोर बसून ताव सरकवत होते. आयुष्यभर इस्त्रीवाल्याशी भांडले गं मी. जिथे भांडायचं तिथे तोंड शिवलं होतं माझं."

दोन दिवसांनी चित्र गुंडाळून ती दवाखान्यात गेली, मी बरोबर होते. बारकीचा हात उशीवर होता, बँडेजनं केवढा तरी झालेला. मावशीनं कागद उलगडला. "बघ, मी सगळं लक्षात ठेवलंय. मी त्यांना सोडणार नाही."

बारकीनं एकदा कागदाकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. "माझी बोटं गेली आणि तू चित्र रंगवत बसलीस?" ती हळू बोलत होती, त्यामुळे ते जास्तच लागत होतं. "मशीनचं ते तोंड मला परत दाखवायला आणलंस? ने ते. आठ महिने बघत होतीस ना? तेव्हा काढायचं होतंस."

मावशीनं कागद गुंडाळला. बस न घेता ती चालत घरी आली आणि मी मागून.

वर्गाच्या दिवशी ते चित्र तिनं मास्तरांसमोर टाकलं आणि काय झालं ते सांगितलं. कामगार खात्याकडून चौकशीला अधिकारी येणार असल्याचं कळलं होतं, तिला हे तिथे दाखवायचं होतं. मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. बराच वेळ पाहिलं.

"तारेचे वेढे किती होते?"

"काय?"

"खांबाला तार गुंडाळलेली होती म्हणता. वेढे किती?"

मावशीनं डोळे मिटले. "पाच."

"इथे सात आहेत."

मावशीनं कागदावर वाकून पाहिलं.

"दोन रागानं वाढले," मास्तर म्हणाले. "जबडाही वाढलाय. एवढा उघडत असेल तर त्यात बैल जाईल. बाई, हे चित्र बघून मला भीती वाटते, पण विश्वास वाटत नाही. ते लोक खोटं बोलले. तुम्हीही थोडं वाढवून सांगणार असाल तर तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय?"

मावशी ताडकन उठली. "तिची बोटं गेलीत, मास्तर, आणि तुम्ही वेढे मोजताय?"

"मी नाही. तो अधिकारी मोजेल."

ती दार आपटून गेली. खाली ग्रंथपालालाही काहीतरी ऐकवून गेली, बिचाऱ्याचा काही संबंध नसताना. पण घरी आल्यावर तिनं कोळशाचं चित्र फाडलं आणि पेन्सिलीला टोक काढलं.

पुढचे नऊ दिवस मी जे पाहिलं त्याला सराव म्हणायचं की शिक्षा, मला ठरवता आलं नाही. कामावरून आली की हात धुऊन बसायची. जाळीची उंची, पेडलपासून खांबाचं अंतर, ही मापं तिनं आपल्याच मशीनवर वितीनं मोजून आणली, कारण सगळी मशीनं एकसारखीच. तारेचा तुकडा आणून तिनं आमच्या टेबलाच्या पायाला पाच वेढे दिले आणि ते काढत बसली. तार कुठे चकाकते, कुठे सावलीत जाते, टोक कुठल्या बाजूला वळलंय. वाणसामानाच्या डब्यावर माझा चष्मा ठेवला, कारण बारकीच्या चष्म्याची एक काडी दुमडलेली होती आणि दुमडलेली काडी कशी दिसते ते तिला ठाऊक नव्हतं. "ठाऊक नाही" हे शब्द तिच्या तोंडून ऐकायला मला विचित्र वाटत होतं. मधेच पेन्सिल आदळायची, उठून खिडकीपाशी जायची, सुपरवायझरला चार शिव्या हासडायची आणि परत येऊन बसायची. राग तसूभर कमी झाला नव्हता. फक्त तो कागदावर सांडू द्यायचा नाही एवढं तिनं ठरवलं होतं.

पेन्सिलीचं चित्र घेऊन ती पुन्हा मास्तरांकडे गेली. माफी वगैरे मागितली नाही. मास्तरांना ती नकोच होती. त्यांनी वेढे मोजले, मान हलवली. "आता शाईत काढा. पेन्सिल खोडता येते. उद्या कुणी म्हणेल, नंतर फिरवलं. शाईत तसं म्हणता येत नाही."

शाईचं चित्र तिसऱ्या कागदावर उतरलं. पहिल्यात डाग पडला, दुसऱ्यात पेडल चुकलं. तिसरं पुरं झालं तेव्हा त्यात काहीच भयंकर नव्हतं. एक मशीन, एक तार, एक ताव, एक चष्मा. ते बघताना मला पहिल्या चित्रापेक्षा जास्त कसंतरी झालं.

चौकशीचा दिवस मी मावशीच्याच तोंडून ऐकला, पण इतक्यांदा ऐकलाय की मी तिथे होते असंच वाटतं. अधिकारी बाई होत्या, वयानं मावशीएवढ्याच, हातात वही. त्या दिवसापुरत्या सगळ्या मशीनांच्या जाळ्या खाली घेतलेल्या होत्या. कामगारांना एकेक करून विचारलं. सगळ्यांनी जाळी खाली होती असं सांगितलं. सुपरवायझर शेजारीच उभा होता. मावशीची पाळी आली तेव्हा तिनं कागद टेबलावर ठेवला.

मॅनेजर हसला. "मॅडम, चित्र काय, कुणीही काहीही काढेल. उद्या या बाई मशीनला शिंगं काढून आणतील. यांचा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे, ठिणगी म्हणतात यांना."

"शिंगं असती तर काढली असती," मावशी म्हणाली. "नव्हती, म्हणून काढली नाहीत. जे नव्हतं त्यातलं काहीही यात नाही. तुम्ही ताडून बघा."

अधिकारी बाई चित्र घेऊन मशीनपाशी गेल्या. समोरून सगळं हिरवंगार. त्यांनी खांबाला समोरून हात लावला, काही नाही. मग चित्रातली तार पुन्हा पाहिली आणि खांबाच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे, जिथे ब्रश पोचला नव्हता, तिथे बोटं फिरवली. टॉर्च मागवला. आठ महिने मशीन थरथरत होतं आणि तार लोखंडाला घासत होती. खांबावर चकाकणारे चरे पडले होते. त्यांनी मोठ्यानं मोजले.

"एक, दोन, तीन, चार, पाच."

मग त्यांनी चित्रातले वेढे मोजले. मॅनेजर काहीतरी बोलायला लागला, त्यांनी हात वर केला. "थांबा, मी लिहितेय."

त्यानंतर आणखी दोघीजणी पुढे आल्या आणि जाळी बांधलेली होती असं सांगून गेल्या. फळ्यावरचा कागद काढावा लागला. बारकीला भरपाई मिळाली आणि बसून करायचं काम मिळालं. सगळ्या जाळ्या कायमच्या खाली आल्या. एवढं झालं. काय झालं नाही तेही सांगते : सुपरवायझरला शिक्षा झाली नाही, त्याची बदली झाली, दुसऱ्या शाखेत, म्हणे थोड्या वरच्या जागेवर. आणि मावशीला मशीनवरून काढून गोदामात टाकलं, खिडकी नसलेल्या खोलीत, खोकी मोजायला. गेटवर आता फोनबरोबर पेन्सिल आणि वहीसुद्धा जमा करून घेतात. रखवालदार हे तिला सांगताना खाली बघत होता. ती म्हणाली, "डोळेपण ठेवून घे की. पेटीत जागा असेल."

लोक तिला म्हणाले, आता तरी राग निवला असेल. ती त्यांच्यावर चिडली. "कशानं निवेल? बोटं उगवली का?"

बारकी चार महिने आमच्याकडे आली नाही. मावशीही तिच्याकडे गेली नाही. कारखान्यात दिसली तर दोघी मान हलवायच्या, बस. मग एका सुटीच्या दुपारी दार वाजलं. बारकी आत आली, चहाला हो म्हणाली, डाव्या हातानं कप धरला. मावशीनं भिंतीवरची सगळी चित्रं कधीच उतरवून ठेवली होती. बारकीनं मोकळ्या भिंतीकडे पाहिलं.

"खांबामागचं मला कळलं," ती म्हणाली. "तू ते नुसतं ओरडून सांगितलं असतंस तर कुणी ऐकलं नसतं."

"तू म्हणालीस ते खरं होतं," मावशी म्हणाली. "आठ महिने बघत होते."

"हो. होतीस." बारकीनं ते पुसून टाकलं नाही. मग तिनं कप सरकवला आणि उजवा हात टेबलावर ठेवला, उताणा. अंगठा, करंगळी आणि मधे गुलाबी, ताणलेली कातडी. "हा काढ."

"नाही."

"घरी कुणी याच्याकडे बघत नाही गं. मी वाढते तेव्हा नवरा ताटाकडे बघतो, मुलगी माझ्या तोंडाकडे बघते. हातरुमाल टाक म्हणतात वरून. तू बघ. आणि गोड करू नकोस, जसा आहे तसा काढ."

मावशीनं पेन्सिल घेतली. तिचा जबडा आवळलेला होता, कपाळाची शीर तट्ट फुगली होती, पण हात हलका चालत होता. मी पुन्हा चहा टाकला, तो गार झाला. बारकी हात न हलवता बसली होती आणि मावशी एकदा हाताकडे, एकदा कागदाकडे बघत होती.

कागद पुरा झाल्यावर मावशीनं तो तिच्याकडे फिरवला. बारकीनं चष्मा लावून पाहिला, अगदी जवळून.

"इथे टाके आठ होते," ती म्हणाली. "तू सात काढलेस."

मावशीनं तिचा हात स्वतःच्या हातात घेतला, उजेडाकडे वळवला आणि टाक्यांच्या खुणा मोजल्या. मग आठवा टाका काढला.